पडद्यापुढच्या तीन सावल्या

१५ नोव्हेंबर १९६६ च्या संध्याकाळी, अमेरिकेच्या टेक्सास राज्यातल्या एल पासो शहरात, कॅप्री थिएटरपुढे एक लिमोझिन येऊन थांबली. नटूनथटून आलेले दोन-चार कलाकार उतरले आणि आत गेले. गाडी निघाली, चौकाला वळसा घालून मागच्या बाजूला आली. तिथे ताटकळत उभे असलेले पुढचे दोन-चार कलाकार तिने भरले आणि ती पुन्हा थिएटरपुढे हजर झाली. भाडं एकाच गाडीचं परवडलं होतं. गावातली प्रतिष्ठित मंडळी खुर्च्यांवर बसली, दिवे मालवले आणि ‘मानोस: द हँड्स ऑफ फेट’ सुरू झाला. थोड्याच वेळात प्रेक्षागृहात खसखस पिकू लागली. चित्रपट भयपट होता.

लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि नायक या चारही जागी हॅरोल्ड वॉरन हा एकच गृहस्थ होता. तो पोटापाण्यासाठी खतं विकायचा आणि हौस म्हणून नाटकात कामं करायचा. चित्रीकरणाच्या जागा शोधत एल पासोला आलेल्या स्टर्लिंग सिलिफंट या पटकथाकाराशी त्याची ओळख झाली. भयपट काढण्यात काय मोठंसं, तो तर कुणीही काढेल, अशी पैज त्यांच्या गप्पांत लागली. सिलिफंटला पुढे ‘इन द हीट ऑफ द नाइट’च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं. वॉरनने पैज जिंकली, म्हणजे चित्रपट पुरा केला.

तो कसा पुरा केला, हे पाहण्यासारखं आहे. सुमारे १९,००० डॉलर जमले होते. भाड्याने आणलेला कॅमेरा सोळा मिलिमीटरचा आणि चावीचा होता. एकदा चावी दिली की तो फार तर ३२ सेकंद चालायचा, त्यामुळे त्याहून लांब दृश्य घेताच येत नव्हतं. चित्रीकरणाच्या जागी आवाज मुद्रित करायची सोयच नव्हती. सगळ्या पात्रांचे आवाज नंतर मोजक्या माणसांनी एका खोलीत बसून दिले. रात्रीच्या दृश्यांत दिव्यांवर पतंग झेपावतात आणि कलाकारांच्या तोंडापुढे घिरट्या घालतात. दिवे लांबवर पोचत नव्हते म्हणून गोळीबाराचा आवाज ऐकून तपासाला निघालेले दोन पोलीस चार पावलं चालतात, अंधारात डोकावतात आणि परत फिरतात. सुरुवातीला एक कुटुंब मोटारीतून जातंच आहे, जातंच आहे. खिडकीतून माळरान दिसतं, शेतं दिसतात, काही म्हणजे काही घडत नाही. या दृश्यांवर श्रेयनामावली घालायचा बेत होता, ती घालायची राहून गेली.

कलाकारांना मानधनाऐवजी नफ्यातला वाटा कबूल केला होता. नफा झालाच नाही, पण दोघांना मोबदला मिळाला: नायकाच्या मुलीचं काम करणाऱ्या जॅकी नेमन या लहान मुलीला सायकल आणि चित्रपटातल्या कुत्र्याला खाऊची मोठी पिशवी. त्या रात्री थिएटरात पडद्यावरच्या आपल्या तोंडून एका मोठ्या बाईचा चिरका आवाज ऐकून जॅकीला रडू फुटलं. आसपासच्या काही थिएटरांत थोडे दिवस लागून चित्रपट दिसेनासा झाला. असे शेकडो चित्रपट दर वर्षी निघतात आणि विसरले जातात. हाही गेला असता.

तो गेला नाही, कारण ३० जानेवारी १९९३ रोजी तो अमेरिकेतल्या कॉमेडी सेंट्रल वाहिनीवर लागला. पडद्याच्या खालच्या कडेला थिएटरच्या खुर्च्यांच्या पाठी दिसत होत्या आणि त्यांवर तीन काळ्या सावल्या बसल्या होत्या, मधली माणसाची आणि बाजूच्या दोन यंत्रमानवांच्या बाहुल्यांची. चित्रपट चालू असताना त्या सावल्या अखंड बोलत होत्या. मोटार जातच राहिली तेव्हा त्यांनी त्या जाण्यावर शेरे मारले. पोलीस परत फिरले तेव्हा त्यांच्या पराक्रमाची तारीफ केली. हा चित्रपट इतका भयाण निघाला की, कार्यक्रमात दर आठवड्याला मुद्दाम वाईट सिनेमे पाठवणाऱ्या खलनायकांनाही, आज जरा जास्तच झालं, अशी माफी मागावी लागली.

त्या कार्यक्रमाचं नाव ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’. वाईट चित्रपटाची टर उडवत तो बघणं ही गोष्ट माणसं घराघरांत आणि थिएटरांच्या अंधारात आधीपासून करत होती. तिला रीत आणि शिस्त दिली ती या कार्यक्रमाने.

जोएल हॉजसन हा मिनेसोटाचा विनोदवीर. चमत्कारिक वस्तू घेऊन रंगमंचावर उभा राहायचा, त्यांतून हशा काढायचा. देशभर दिसणाऱ्या मोठ्या कार्यक्रमांत चमकून झाल्यावर सगळं सोडून तो मिनियापोलिसला परतला. तिथल्या केटीएमए या छोट्याशा स्थानिक वाहिनीवर काम करणारा जिम मॅलन त्याच्या जोडीला आला. वाहिनीकडे वेळ भरपूर होता, पैसा नव्हता आणि कपाटात जुन्यापुराण्या चित्रपटांचा साठा होता. हॉजसनने या तिन्ही गोष्टींना पुरेल अशी एक कथा रचली. दोन वेडे शास्त्रज्ञ एका साध्या सफाई कामगाराला अवकाशयानात डांबून ठेवतात आणि माणसाचं डोकं कशाने फिरतं हे पाहण्यासाठी त्याला टुकार सिनेमे दाखवतात. एकटेपणावर उतारा म्हणून तो यानातल्या सुट्या भागांतून यंत्रमानव बनवतो आणि त्यांच्याबरोबर ते सिनेमे बघतो.

बाहुल्या खरोखरच अडगळीतून झाल्या होत्या. टॉम सर्व्हो या बाहुलीचं डोकं म्हणजे दुकानांत दिसतं तसं च्युइंगमच्या गोळ्यांचं यंत्र. क्रो या दुसरीची चोच बोलिंगच्या खेळातल्या प्लॅस्टिकच्या पिनेची आणि डोळे पिंगपाँगच्या चेंडूंचे. सावल्यांची युक्तीही स्वस्तातली होती. कलाकारांना उजळ पांढऱ्या पडद्यापुढे बसवून टिपायचं आणि त्यांच्या काळ्या आकृत्या चित्रपटाच्या चित्रावर चढवायच्या. खुर्च्यांच्या पाठी काळ्या रंगवलेल्या पुठ्ठ्यासारख्या फोमच्या होत्या.

२४ नोव्हेंबर १९८८ ला पहिले भाग लागले. प्रेक्षकांना निरोप ठेवता येतील असा फोन नंबर दिला होता. सुरुवातीला काहींनी त्यावर रागाने विचारलं की, सिनेमा चालू असताना हे मध्येच कोण बडबडतंय? पुढच्या आठवड्यांत सूर बदलला. कॉमेडी चॅनलने १९८९ मध्ये कार्यक्रम उचलला. पुढे ती वाहिनी एका स्पर्धक वाहिनीत विलीन होऊन कॉमेडी सेंट्रल झाली. १९९३ चा पीबडी पुरस्कार मिळाला. सात हंगामांनंतर कॉमेडी सेंट्रलने नारळ दिला तेव्हा साय-फाय चॅनलने १९९७ ते १९९९ तो चालवला. तोवर जवळजवळ दोनशे भाग झाले होते.

वाईट सिनेमाला हसणारे हे पहिले नव्हेत. लॉस एंजलिसच्या दूरदर्शनवर १९५४ मध्ये मायला नुर्मी ही नटी ‘व्हँपायरा’ या नावाने काळ्या झग्यात येऊन रद्दी भयपटांची ओळख करून द्यायची आणि जाता जाता त्यांना चिमटे काढायची. न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात १९७६ पासून ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’चे मध्यरात्रीचे खेळ होत आणि प्रेक्षक संवादांना मोठ्याने उत्तरं देत. आपल्याकडे तर ही कला पडद्याच्याही आधीची. वगातला राजा गंभीरपणे फर्मान सोडत असतो आणि सोंगाड्या त्याच्या शब्दाचा भलताच अर्थ काढून सगळ्या फर्मानाचं पाणी करतो. गवळणीतली मावशी साक्षात कृष्णालाही सोडत नाही. एक फरक मात्र मोठा आहे. सोंगाड्या राजाच्या शेजारी उभा असतो, आणि राजालाही उलट बोलण्याची मुभा असते. पडद्यावरच्या माणसाला ती नसते. या फरकाकडे पुन्हा यावं लागेल.

टर उडवणं सोपं वाटतं. चार मित्र जमवून एखादा भिकार सिनेमा लावून पाहावा, म्हणजे ते किती अवघड आहे ते कळतं. पहिली दहा मिनिटं धमाल येते. मग सगळे एकाच वेळी बोलतात, कथा निसटते, कुणाला काय चाललंय ते कळत नाही आणि शेवटी लोक फोनमध्ये डोकं घालतात. केटीएमएवरचे सुरुवातीचे भाग बरेचसे असेच, ऐन वेळी सुचेल ते बोलत केलेले होते. ते आज पाहिले तर मध्ये मध्ये लांबलचक शांतता जाणवते.

कॉमेडी चॅनलवर गेल्यावर लेखनाची पद्धत बसली. लेखकमंडळी एका खोलीत बसून चित्रपट लावत, थोडा पुढे नेत, थांबवत. ज्याला जे सुचेल ते तो ओरडून सांगे. प्रत्येक शेरा चित्रपटातल्या नेमक्या वेळेसह टंकला जाई. या टंकनासाठी नेमलेला माइक नेल्सन हा तरुण उपाहारगृहात वेटरचं काम करायचा आणि फावल्या वेळात विनोदी कार्यक्रम करायचा. तो पुढे प्रमुख लेखक झाला आणि १९९३ मध्ये हॉजसनने कार्यक्रम सोडल्यावर मधल्या खुर्चीवर बसला. सुचलेल्या शेऱ्यांतले कितीतरी गाळले जात. उरलेल्यांची लांबी कापली जाई. तालमी होत. एका भागात शेकडो शेरे असत, आणि मिनिटाला पाच-सात या वेगाने येणारे ते शेरे प्रेक्षकाला सहज तोंडातून निसटल्यासारखे वाटायचे.

या कामाचे नियम कडक आहेत. शेरा दोन संवादांमधल्या फटीत बसला पाहिजे, आणि ती फट बहुधा दोन-तीन सेकंदांचीच असते. मूळ संवादावर बोलून चालत नाही, कारण प्रेक्षकाला कथाच कळली नाही तर तिच्यातला वेडेपणा कसा कळणार? म्हणजे ज्याची टर उडवायची त्याचं म्हणणं आधी नीट ऐकू द्यायचं. ही सभ्यता तत्त्वातून आलेली नाही, ती गरजेतून आली आहे. पण सभ्यता कुठूनही आली तरी कामाची असते.

आता ‘स्पेस म्युटिनी’ हा १९८८ चा चित्रपट घ्या. कथा एका महाकाय अवकाशयानात घडते आणि त्या यानाच्या आतल्या भिंती विटांच्या आहेत. वरच्या खिडक्यांतून ऊन आत येतं. अवकाशातल्या लढाईची दृश्यं ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या जुन्या मालिकेतली उचलून लावली आहेत. इतकं कुणालाही दिसेल. पण एका प्रसंगात एक तरुण अधिकारी स्त्री मारली जाते, आणि लगेच पुढच्या दृश्यात तीच बाई मागे आपल्या टेबलाशी बसून काम करताना दिसते. संकलकाच्या नजरेतून ते सुटलं. दिग्दर्शकाच्याही सुटलं. सावल्यांनी ते पकडलं आणि मेलेल्या बाईला पुन्हा संधी दिल्याबद्दल यानाच्या कप्तानाचं अभिनंदन केलं. त्याच चित्रपटाचा नायक दंडाच्या बेटकुळ्यांचा मोठा धनी आहे. त्याला प्रत्येक वेळी नवं, अधिकाधिक मांसल नाव देण्याचा खेळ सावल्या शेवटपर्यंत खेळतात. गंमत नुसत्या एका नावात नाही. तोच विनोद विसाव्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त हसवतो, कारण मधल्या काळात आपण त्याची वाट बघायला शिकलेले असतो.

माझं या सगळ्याविषयीचं मत असं की चांगली शेरेबाजी ही मुळात लक्ष देण्याची कला आहे. ज्यांनी तो चित्रपट काढला त्यांनीही तो इतक्या वेळा आणि इतक्या बारकाईने पाहिला नसेल. मागच्या भिंतीवरचं वाकडं चित्र, एकाच खोलीत तीनदा बदललेली खुर्ची, संवाद विसरलेल्या नटाची भिरभिरती नजर हे सगळं टिपावं लागतं. ‘काय बकवास आहे’ असं म्हणणाऱ्याला यातलं काही दिसलेलं नसतं. बकवास हा निकाल झाला, आणि निकाल लागला की खेळ संपतो.

शेऱ्यांमध्ये संदर्भही ठासून भरलेले असत. जुन्या मालिका, ऑपेरा, तत्त्वज्ञ, मिनेसोटातली गावं आणि दुकानं यांच्यातलं काहीही मध्येच यायचं. एवढं कुणाला कळणार, असं त्यांना विचारलं जाई. त्यावर हॉजसनचं म्हणणं असं की, ज्यांना कळायला हवं त्यांना बरोबर कळेल. ही बेपर्वाई मला आवडते. आपला खास संदर्भ दुसऱ्या कुणी पकडला की दोन अनोळखी माणसांत ओळख निघते. न कळलेला शेरा पाच सेकंदांत मागे पडतो, कारण त्याच्या पाठोपाठ दुसरा आलेला असतो.

कोणताही वाईट चित्रपट या कामाला चालतो असं मात्र नाही. कंटाळवाणा पण नीटनेटका सिनेमा निरुपयोगी. मुद्दाम विनोदी असलेला आणि फसलेला सिनेमा तर त्याहून वाईट, कारण फसलेल्या विनोदावर विनोद करता येत नाही. हवा असतो तो मनापासून काढलेला, आवाक्याबाहेरचं काहीतरी करू पाहणारा आणि तोंडघशी पडलेला चित्रपट. लेखिका सुझन सोंटॅगने १९६४ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात असा भेद केला होता. गंभीरपणे केलेली आणि फसलेली भव्यता तिला प्यारी होती, ठरवून केलेली तशी भव्यता तिच्या मते कमी समाधान देते. २०१३ मध्ये दूरदर्शनवर आलेला ‘शार्कनेडो’ चक्रीवादळातून शार्क माशांचा पाऊस पाडतो आणि आपण किती खुळे आहोत हे सांगत डोळा मारतो. तो गाजला, त्याचे पुढचे भाग निघाले. पण डोळा मारणाऱ्याची फिरकी कशी घेणार? तो आधीच आपल्या बाजूला येऊन बसलेला असतो.

दिग्दर्शक एड वुडने कधी डोळा मारला नाही. ‘प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस’साठी त्याच्याकडे बेला लुगोसी या एके काळच्या ड्रॅक्युलाची काही मिनिटांची दृश्यं होती. लुगोसी ऑगस्ट १९५६ मध्ये वारला. वुडने त्याच्या जागी आपल्या बायकोचा कायरोप्रॅक्टर, म्हणजे पाठीचा कणा दाबून उपचार करणारा माणूस, उभा केला. तो लुगोसीपेक्षा चांगलाच उंच होता, म्हणून चित्रपटभर तो झगा तोंडापुढे धरून वावरतो. एका मोठ्या नटाला आपल्या चित्रपटात ठेवायचंच, मग तो जिवंत असो वा नसो, या हट्टात मला थोडा वेडेपणा आणि पुष्कळ प्रेम दिसतं. (वर आलेली व्हँपायराही याच चित्रपटात आहे. ती मुकी वावरते आणि बाकीच्यांपेक्षा बरी वाटते.)

हिंदीतला याचा सख्खा भाऊ म्हणजे कांती शाहचा १९९८ चा ‘गुंडा’. मिथुन चक्रवर्ती, मुकेश ऋषी, शक्ती कपूर आणि आपले मोहन जोशी व दीपक शिर्के. पात्रं आपली ओळख यमक जुळवून करून देतात आणि कुणाच्याही चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. लागला तेव्हा तो कुणाच्या फारसा लक्षात आला नाही. पुढे इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांतून त्याच्या प्रती फिरल्या आणि पोरांना अख्खा चित्रपट पाठ झाला. तमाशाच्या रंगमंचावर शोभेल अशी ती यमकं मोहन जोशींसारखा मुरलेला नट कसलीही कसर न ठेवता म्हणतो, आणि तिथेच ‘गुंडा’ ‘शार्कनेडो’च्या पुढे जातो.

असले सिनेमे चवीने बघणारे लोक कोण, हाही प्रश्न अभ्यासला गेला आहे. फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या केवन सारखोश आणि विनफ्रीड मेनिंगहाउस यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असं दिसलं की हे प्रेक्षक बहुतांशी चांगले शिकलेले असतात आणि कलात्मक चित्रपटही तितक्याच आवडीने बघतात. हे ओघानेच आलं. चाल कुठे चुकली हे कळायला चाल माहीत असावी लागते.

आणि सोबत लागते. हास्यावर संशोधन करणारे रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळलं होतं की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट वेळा चारचौघांत हसतो, आणि त्यातलं बरंचसं हसू काही विनोदावर आलेलं नसतं. हॉजसनच्या कथेतल्या कैद्याने सुट्या भागांतून आधी मित्र बनवले आणि मग सिनेमा पाहिला, हे म्हणून फार बरोबर जमलं आहे. घरी एकट्याने रात्री हा कार्यक्रम बघणाऱ्यापुढे पडद्याच्या तळाशी तीन डोकी असायची, आपल्याकडे पाठ करून, आपल्याच दिशेला बघत. चौथा आपण.

या सगळ्यात पैसा आणि कायदा यांची डोकेदुखी होतीच. दुसऱ्याचा चित्रपट दाखवायचा तर हक्क घ्यावे लागतात. ते ठरावीक मुदतीचे असत आणि मुदत संपली की तो भाग वाहिनीवर लागत नसे. म्हणून श्रेयनामावलीच्या शेवटी निर्मातेच प्रेक्षकांना सांगत की टेपा फिरवत राहा. लोकांनी त्या फिरवल्या. ‘गॉडझिला व्हर्सेस मेगालॉन’चा भाग २००६ मध्ये डीव्हीडीवर आला आणि हक्कांच्या भानगडीत तो संच बाजारातून मागे घ्यावा लागला. मोठ्या पडद्यावरही प्रयोग झाला. १९९६ मध्ये सावल्यांनी ‘धिस आयलंड अर्थ’ या १९५५ च्या चित्रपटाचा समाचार घेतला. मधले यानातले प्रसंग धरूनही हा नवा चित्रपट मूळ चित्रपटापेक्षा आखूड भरला.

नेल्सन आणि कार्यक्रमातले त्याचे साथीदार केव्हिन मर्फी व बिल कॉर्बेट यांनी २००६ मध्ये ‘रिफट्रॅक्स’ काढून या अडचणीतून साधी वाट काढली. ते फक्त आपल्या शेऱ्यांची ध्वनिफीत विकायचे. चित्रपटाची डीव्हीडी ज्याची त्याने आणायची आणि दोन्ही एका वेळी चालू करायचं. चित्रपटाला हातच न लावल्यामुळे हक्कांचा प्रश्न उरला नाही, आणि ज्यांचे हक्क कधीच परवडले नसते असे बडे चित्रपट तावडीत सापडले. इकडे हॉजसनने २०१५ मध्ये मूळ कार्यक्रम परत आणण्यासाठी लोकांकडे वर्गणी मागितली. ४८ हजारांहून अधिक माणसांनी मिळून ५७ लाख डॉलरच्या वर रक्कम दिली आणि २०१७ मध्ये नेटफ्लिक्सवर नव्या कलाकारांसह भाग आले.

आता तो उलट बोलू न शकणारा पडद्यावरचा माणूस.

मेडवेड बंधूंनी १९८० मध्ये ‘गोल्डन टर्की अवॉर्ड्स’ हे पुस्तक काढून एड वुडला आजवरचा सर्वांत वाईट दिग्दर्शक ठरवलं. वुड दोन वर्षांपूर्वी, १९७८ च्या डिसेंबरात, कंगाल अवस्थेत वारला होता. त्या पुस्तकानेच त्याचे चित्रपट पुन्हा वर आणले आणि पुढे टिम बर्टनने त्याच्यावर जीव लावून चित्रपट काढला, हे खरं. तरीही मेलेल्या माणसाला निर्बुद्धपणाचं पदक देण्यात काही शौर्य नाही. त्यात चित्रपट पाहण्यापेक्षा क्रमांक लावण्याचा आनंद अधिक आहे.

सावल्यांच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. १९७५ च्या ‘मिचेल’मध्ये जो डॉन बेकर या नटाने ढेरपोट्या, आळशी पोलिसाचं काम केलं होतं. त्याच्या खाण्यापिण्यावर आणि देहावर सावल्यांनी इतके शेरे मारले की तो भयंकर चिडल्याचं पुढे बोललं जाऊ लागलं. शरीरावरचे ते शेरे आज ऐकताना मलाही जरा अवघडल्यासारखं होतं. तिथे लक्ष चित्रपटावरून घसरलेलं आहे. उलट माइल्स ओकीफ या नटाने ‘केव्ह ड्वेलर्स’चा भाग पाहून त्याची प्रत मागायला स्वतः फोन केला. ‘हॉबगॉब्लिन्स’चा दिग्दर्शक रिक स्लोन याने तर आपला चित्रपट आपल्या हाताने यांच्याकडे पाठवला. चित्रपटाची चेष्टा त्याला मंजूर होती, पण शेवटी त्याची स्वतःचीच खिल्ली उडाली तेव्हा तो गांगरला.

आणि ‘मानोस’? सावल्यांमुळे तो इतका प्रसिद्ध झाला की २०११ मध्ये त्याची मूळ सोळा मिलिमीटरची प्रत सापडल्यावर बेन सोलोवे या तरुणाने लोकवर्गणी काढून तिची डागडुजी केली. आता ते पतंग पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसतात. सायकल मिळालेली जॅकी मोठी झाली, चित्रपटाच्या चाहत्यांत मिसळली, वडिलांच्या आणि त्या चित्रीकरणाच्या आठवणींचं तिने पुस्तक लिहिलं. तिचे वडील टॉम नेमन यांनी त्यात खलनायकाचं काम केलं होतं आणि भल्यामोठ्या लाल पंजांचा तो काळा झगाही त्यांच्याच डोक्यातून आला होता. झगा हास्यास्पद आहे, आणि एकदा पाहिला की विसरता येत नाही.

याच्या विरुद्ध बाजूचं सर्वांत चांगलं म्हणणं कुर्ट व्हॉनेगट या कादंबरीकाराचं आहे, आणि ते केव्हिन मर्फीनेच सांगून ठेवलं आहे. टॉम सर्व्होला आवाज देणारा मर्फी व्हॉनेगटचा भक्त. एकदा भेट झाली तेव्हा त्याने आपल्या कार्यक्रमाविषयी भरभरून सांगितलं. व्हॉनेगटना ते रुचलं नाही. ज्यांनी खपून वाईट कलाकृती केली त्यांनाही मान मिळायला हवा, अशा अर्थाचं ते बोलले. मर्फीने त्यांना रात्री आपल्या मंडळींबरोबर जेवायला बोलावलं. त्यांनी दुसरीकडे जायचं असल्याचं सांगून नम्रपणे नकार दिला. त्याच रात्री मर्फी मित्रांसह एका हॉटेलात गेला, तर तिथे व्हॉनेगट एका टेबलाशी एकटेच जेवत बसलेले. ही फजिती मर्फी स्वतः रंगवून सांगतो, आणि आपल्याला किती सभ्यपणे जागा दाखवली गेली याचं त्याला कौतुक वाटतं. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला असेल तेव्हा पुढचा चित्रपट लावायच्या तयारीत असणार. व्हॉनेगटचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे काही नाही. ‘मानोस’ मात्र मी पुन्हा बघणार, आणि गप्प बसून बघणार नाही.